टाळ्या मिळाल्या, नावं किती मिळाली?

सभेत बोलण्याविषयी आलेल्या पत्रांत एक तक्रार सारखी दिसते : भाषण गाजतं, पण दुसऱ्या दिवशी कुणी हलत नाही. त्यांतली सात पत्रं या अंकात घेतली आहेत. पत्रं थोडी छाटली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : ग्रामसभेत वीस मिनिटं बोललो. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथून सुरुवात केली, भूजल किती मीटर खाली गेलंय ते आकडे दिले, 'मागच्या श्रमदानाला कुणीच आलं नाही, गावाला पाण्याचं काही पडलेलंच नाही' असं थोडं झाडलंही. शेवटी 'चला, सर्वांनी मिळून गाव पाणीदार करू या' म्हणून थांबलो. टाळ्या जोरात पडल्या. रविवारी माळावर चर खणायला सातजण आले, त्यांतले दोघे माझे चुलतभाऊ. १ मेच्या ग्रामसभेत परत बोलायचंय. काय चुकलं?
— ग्रामपंचायत सदस्य, औसा तालुका

उत्तर : मुख्य चूक शेवटच्या वाक्यात आहे. 'सर्वांनी मिळून' ऐकलं की ज्याला त्याला वाटतं, बाकीचे सगळे जाणार आहेत, मी एकटा नसलो तर काय बिघडतं? त्या वाक्यात माणूस नाही, वार नाही, वेळ नाही, हत्यार नाही. टाळी वाजवून लोकांनी आपला वाटा देऊन टाकला.

पुढचं भाषण शेवटाकडून लिहायला घ्या. कोऱ्या कागदाच्या तळाशी आधी हे लिहा : 'येत्या रविवारी सकाळी सहाला मारुतीच्या पारापाशी, दर घरातून एक माणूस, टिकाव नाहीतर खोरं घेऊन. साडेआठला घरी.' यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी मनातल्या अडचणीवर उतारा आहे. 'दर घरातून एक' म्हटलं की कोण जाणार हे घरातच ठरतं. 'साडेआठला घरी' तर सोडूच नका. मे महिन्याच्या उन्हात किती वेळ राबवणार, ही धास्ती कुणी उठून बोलत नाही, पण सगळ्यांना असते.

मग त्याच वाक्याला उलटं विचारा : हे कुणाला जमणार नाही? म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, गुडघे धरलेले. त्यांच्यासाठी दुसरं एकच काम ठेवा : पाणी पुरवणं, टिकावाला दांडे बसवून देणं, हजेरी घेणं, यातलं गावाला सोयीचं असेल ते. मागणी दोनपेक्षा जास्त नको. पाच गोष्टी मागितल्या की लोक 'बघू' म्हणतात.

आता आकडे. पाणीपातळी इतके मीटर घसरली, हे ऐकून माणूस मान हलवतो, पण त्यानं करायचं काय? चराचं गणित सांगा. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर असेल तर एका मीटर लांबीत ०.१८ घनमीटर, म्हणजे १८० लिटर पाणी मावतं. पंधरा लिटरची घागर धरली तर मीटरला बारा घागरी, एकदा चर भरला की. रेल्वेचा उल्लेख ठेवायचा तर तो इथं आणा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी साधारण पाच लाख लिटर. पाच लाखांना १८०नं भागा : सुमारे २,८०० मीटर. म्हणजे पावणेतीन किलोमीटरपेक्षा थोडा जास्त चर एकदा भरला की ती एक गाडी आपल्या माळावर उभी राहिली. औशात त्या उन्हाळ्याचं वर्णन करत बसू नका, समोरच्यांनी तो भोगलाय. फक्त भागाकार सांगा. आणि चरातलं सगळं पाणी विहिरीत उतरत नाही, काही उडून जातं, हेही तुम्हीच बोलून टाका. तुम्ही लपवलंत तर मागून एखादा जाणता बोलेल आणि त्याबरोबर तुमचे खरे आकडेही पडतील.

'कुणीच आलं नाही' हे वाक्य कायमचं काढा. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात लोक दगड बनलेल्या प्राचीन लाकडाचे तुकडे उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. 'पूर्वी पुष्कळ लोकांनी तुकडे नेले' असं सांगणाऱ्या पाटीजवळ चोरी वाढली, 'कृपया नेऊ नका' एवढंच सांगणाऱ्या पाटीजवळ ती कमी राहिली. पुष्कळजण एखादी गोष्ट करतात किंवा करत नाहीत, हे सांगणं म्हणजे तीच रीत असल्याचं जाहीर करणं. तुमच्याकडे सातजण आले होते. त्यांनी किती मीटर खणला ते मोजा, त्याला १८०नं गुणा आणि तो आकडा सभेत सांगा. ते सातजण समोरच बसलेले असतील, त्यांच्या परवानगीनं नावंही घ्या.

अर्धं काम सभेच्या आधी होतं. तीन दिवस आधी दहा घरी जाऊन या आणि हो म्हणणाऱ्यांची नावं वहीत लिहूनच सभेला जा. कोऱ्या वहीवर पहिलं नाव घालायला कुणाचा हात उठत नाही. अकरावं नाव घालायला त्रास पडत नाही. नावं 'सभा झाल्यावर द्या' म्हणालात तर लोक चपला शोधायला लागतील. वही बसल्या जागीच फिरली पाहिजे. एका नावाला पंधरा सेकंद धरले तर शंभर नावांना पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून एका वहीवर भागणार नाही. चार कागद, चार पेन, चार माणसं ठेवा. त्यांतली किमान एक बाई असावी, म्हणजे बायकांच्या बाजूला कागद अडकत नाही.

वीस मिनिटांची सात करा. लाउडस्पीकरवर मिनिटाला शंभर शब्द नीट ऐकू जातात, म्हणजे सातशे शब्द. एक मिनिट सुरुवातीला, दोन मिनिटं चराच्या हिशोबाला, एक मिनिट सातजणांच्या कामाला, एक अडचणींना आणि शेवटची दोन फक्त मागणीला. मागणी तीनदा, त्याच शब्दांत. वाक्य सजवून बदललंत की ऐकणाऱ्याला ती नवी सूचना वाटते.

कारभाराकडेही लक्ष असू द्या. विषय कार्यक्रमपत्रिकेवर आधीच घालून घ्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती भरली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला ही अट नसते, पण तिथं तुम्हाला ऐकायला फारसं कुणी नसेल. म्हणून ज्या दहा घरी जाल त्यांना सभेलाही आणा. ठरावात 'श्रमदान करण्यात यावे' एवढंच नको. वार, वेळ, जागा लिहून घ्या. १ मेपासून मृगापर्यंत पाच-सहाच रविवार हाती असतात, हेही सभेत मोजून दाखवा.

प्रश्न : साप चावल्यावर लोक आधी देवळात नेतात, मग दवाखान्यात. बैठकीत मी मेलेल्या माणसांचे, कुजलेल्या पायांचे फोटो दाखवते. बाया तोंडावर पदर घेतात, पण वागणं बदलत नाही. अजून किती घाबरवावं?
— आशा सेविका, भूम तालुका

उत्तर : ताई, भीती पुरेशी झालीय, वाट दाखवायची राहिलीय. येल विद्यापीठात १९६५ साली हॉवर्ड लेव्हेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला लावण्याचा प्रयोग केला. काहींना भयंकर मजकूर दिला, काहींना सौम्य. घाबरलेल्यांनी लस चांगली असल्याचं जास्त मान्य केलं, पण टोचून घ्यायला तेवढ्यानं फारसं कुणी गेलं नाही. ज्यांना आरोग्यकेंद्राचा नकाशा दिला आणि आपल्या दिनक्रमात कधी जाणार ते ठरवायला सांगितलं, त्यांच्यातले २८ टक्के गेले. ज्यांना ते दिलं नाही त्यांच्यातले ३ टक्के. केंद्र कुठं आहे हे त्या विद्यार्थ्यांना आधीही ठाऊक असणार, तरीही हा फरक पडला.

उपाय न देता घाबरवलं तर माणूस विषयच टाळतो. पदर डोळ्यांवर जातो तो त्यामुळं. फोटो एकच ठेवा, तोही सापाचा. मण्यारीचा ठेवावा असं आमचं मत. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतं फार थोडं, खूणही धड दिसत नाही आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास अडकतो. 'दुखत नाही, सकाळी बघू' ही तिथली खरी चूक. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, म्हणून साप मारून किंवा पकडून नेण्यात वेळ घालवू नये, हेही सांगा.

त्यानंतर बैठकीतच प्रत्येक घराकडून तीन ओळी लिहून घ्या : रात्री दोन वाजता गाडी कुणाची, तिचा फोन नंबर काय, प्रतिविष असलेला सर्वांत जवळचा सरकारी दवाखाना कोणता. कोणत्या दवाखान्यात साठा आहे ते बैठकीच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करून विचारा. अंदाजानं नाव सांगितलंत आणि तिथं औषध नसलं तर पुढं तुमचं कुणी ऐकणार नाही. कागद आत कपाटात न जाता चुलीजवळच्या भिंतीवर, १०८ या रुग्णवाहिकेच्या नंबराखाली चिकटवायचा. सोबत चार कामं : धीर देणं, बांगड्या, जोडवी, दोरे काढणं, हात-पाय फळी लावून स्थिर ठेवणं, चालू न देणं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही.

देवळाला बोल लावू नका. 'अंगारा गाडीत लावा, गाडी थांबवू नका' म्हणालात तर सासूबाईही तुमच्या बाजूला येतील.

प्रश्न : ऊसतोडीला जाताना पालक लेकरं सोबत नेतात. हंगामी वसतिगृहासाठी पालकसभा घेते, शिक्षणाचं महत्त्व सांगते, सगळे 'हो बाई' म्हणतात. दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा.
— प्राथमिक शिक्षिका, जिल्हा बीड

उत्तर : शिक्षणाचं महत्त्व त्यांना तुमच्याइतकंच कळतं. कोयता हातात धरणाऱ्याला ते जास्तच कळतं. लेकरू सोबत जातं त्याची कारणं वेगळी असतात आणि तुमच्या भाषणात ती आलेली नाहीत.

सभेआधी आठवडाभर फक्त विचारत फिरा, समजावू नका. बहुतेक ठिकाणी तीन-चारच उत्तरं मिळतील. मोठी मुलगी न्यावी लागते कारण फडात धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. आजी थकली, तिच्यानं दोघांचं होत नाही. वयात आलेल्या मुलीला मागं ठेवायला जीव धजत नाही. लेकरू तापलं तर रात्री कोण नेणार? प्रत्येक कारणापुढं तुमच्याकडं खरोखर काय आहे ते लिहा. वसतिगृहात रात्री कोण थांबतं, मुलींची झोपायची सोय कुठं, जेवण किती वेळा, आजारपणात कुणाचा फोन. जिथं उत्तर नाही तिथं ते सभेआधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून मिळवा. उत्तर मिळेपर्यंत सभा पुढं ढकला. रिकामं आश्वासन दिलंत तर पुढच्या वर्षी 'हो बाई'सुद्धा ऐकू येणार नाही.

वेळ फार महत्त्वाची. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, जाणार हे ठरतं आणि घरातलं गणितही तेव्हाच बसतं. गाडी भरायच्या आठवड्यात घेतलेली सभा उशिराची. पोळ्याच्या सुमारास पहिली बैठक, दसऱ्याआधी दुसरी. संध्याकाळी साडेसातनंतर, वस्तीवर. शाळेत बोलावलं की फक्त आया येतात. निर्णय बापाचा आणि आजीचा असतो, त्यांना वगळून झालेलं 'हो' टिकत नाही.

बोलणं सहा मिनिटांचं. पहिलं वाक्य त्यांच्या अडचणीचं : 'धाकट्याला कोण बघणार, हाच प्रश्न आहे ना?' तुम्हीच शंका मांडली की लोक पुढं सरकून ऐकतात, कारण आता उपदेश येणार नाही असं त्यांना वाटतं. मग एकेका कारणाला एकेक उत्तर द्या. ज्याला उत्तर नाही ते 'याला माझ्याकडं सोय नाही' असं स्पष्ट सांगा. तान्ह्यासाठी मोठीला नेणाऱ्या घराला वसतिगृहाचा आग्रह धरून उपयोग नाही. तिथं मागणी बदला : कारखान्याचं नाव कळवा, तिथल्या शाळेत नाव घालण्यासाठी दाखल्याचे कागद मी गाडी निघायच्या आत देते.

बाकीच्यांकडं मागायचं एवढंच : एका कागदावर लेकराचं नाव, मागं कोण सांभाळणार त्याचं नाव, त्याची सही किंवा अंगठा आणि आई-बापांचा चालू मोबाइल नंबर. सही सांभाळणाऱ्याची घ्या. आजीनं सर्वांसमोर अंगठा दिला की ती गोष्ट तिची होते. दुसऱ्या दिवशी आजीला आणि आईला वसतिगृहाची खोली दाखवा. न पाहिलेल्या जागी कुणी लेकरू ठेवत नाही.

'लेकरांचं वाटोळं करताय' ही भाषा चुकूनही नको. अपराधी वाटलेला बाप सभेत मान खाली घालतो आणि पुढच्या सभेला येत नाही.

प्रश्न : भाषण पाठ करावं की वाचावं? पाठ केलं की मध्येच विसरतो, वाचलं की लोक मोबाइल काढतात.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, अंबड तालुका

उत्तर : पहिली दोन वाक्यं आणि शेवटची तीन शब्दशः पाठ. मधलं मुद्द्यांवर. पोस्टकार्डाएवढी तीन कार्डं घ्या, प्रत्येकावर जास्तीत जास्त पाच शब्द आणि जे आकडे चुकतील ते. कार्डांना नंबर घाला, वाऱ्यानं उडतात. तालीम मोठ्यानं, उभं राहून, घड्याळ लावून किमान पाच वेळा. मनातल्या मनात केलेली तालीम नेहमी कमी वेळात संपते आणि व्यासपीठावर तेच भाषण दीडपट लांबतं. विसरलात तर थांबा, कार्ड बघा, पुढं चला. तुम्हाला युगासारखे वाटणारे ते चार सेकंद ऐकणाऱ्यांच्या लक्षातही येत नाहीत. माफी मागितली की मात्र येतात.

प्रश्न : घरचं सोयाबीन बियाणं पेरायच्या आधी उगवण तपासा, हे गटातल्या बायांना दरवर्षी सांगते. 'दाणा टपोरा आहे, उगवतंय की' म्हणतात आणि मग दुबार पेरणी.
— महिला बचत गटाच्या अध्यक्ष, वसमत तालुका

उत्तर : हा विषय बोलण्यापेक्षा उलगडून दाखवण्याचा आहे. सभा २० मेला असेल तर १३ तारखेला दोन गुंडाळ्या तयार करा, दोन वेगळ्या घरच्या बियाण्याच्या. पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठमूठ घेऊन न निवडता शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी, सावलीत. रोज पाणी शिंपडा. निथळेल इतकं नको, दाणा कुजतो आणि सभेत तुमचाच प्रयोग फसतो.

सभेत आधी त्या दोन्ही पोत्यांतले दाणे ताटलीतून फिरवा. कोणतं जास्त उगवेल? हात वर करायला लावा, आकडा फळ्यावर लिहा. त्यानंतरच गुंडाळ्या सोडा आणि मोजायला कुणा दोघींना पुढं बोलवा, तुम्ही मोजू नका. डोळ्यांना चांगलं दिसलेलं बियाणं मागं पडलं तर तुम्हाला एक शब्दही बोलावा लागणार नाही. नाही पडलं तरी अंदाज आणि मोजणी यांतला फरक फळ्यावर राहतोच. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. मळणीत मार बसलेलं, पोती आपटलेलं, थप्पी उंच लावलेलं बियाणं टपोरं दिसूनही आत मेलेलं असू शकतं. हे कारण मोजणीनंतर सांगा, आधी सांगितलं तर ते व्याख्यान होतं.

मागणी : आजच रात्री शंभर दाणे. येणारीनं मूठभर बियाणं सोबत आणावं असा निरोप आधीच द्या, गोणपाटाचे तुकडे आणि सुतळी गटानं आणावी. पहिली गुंडाळी सभेतच बांधून घरी न्यायची, सातव्या दिवशी आकडा अध्यक्षांना कळवायचा. ७० किंवा त्याहून जास्त आले तर एकरी ३० किलोच्या आसपास पेरणी, कमी आले तर बियाणं वाढवावं लागतं, फारच कमी आले तर ते पोतं पेरणीतून बाद. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला त्याच सभेत घुसडायचा मोह होईल. टाळा. तो जूनच्या पहिल्या आठवड्यात, आकडे गोळा होतील त्या दिवशी सांगा.

प्रश्न : आमच्याकडं 'काय करायलास' असंच बोलतात. व्यासपीठावर प्रमाण भाषेत बोलायला गेलो की जीभ अडकते. काय करू?
— पाथरी तालुका

उत्तर : 'काय करायलास' असंच बोला. गावची सभा गावच्या बोलीत लवकर कळते आणि बोलणारा आपला वाटतो. दोनच ठिकाणी प्रमाण रूप सांभाळा : योजना, कार्यालय, कागदपत्र यांची नावं छापील कागदावर असतात तशीच घ्या, नाहीतर माणूस तालुक्याला जाऊन चुकीचं काहीतरी मागतो, आणि तारीख-आकडे हळू, दोनदा. उसनी भाषा घेतली की वाक्यं लांबतात, 'या ठिकाणी', 'त्या अनुषंगाने' असं भरताड येतं. या ठिकाणी म्हणजे नेमकं कोणत्या, हे वक्त्यालाही सांगता येत नाही.

प्रश्न : १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बोलतो. दरवर्षी तेच भाषण. मुलं उन्हात उभी राहून चुळबुळतात. त्यांना काही करायला लावता येईल का?
— मुख्याध्यापक, बिलोली तालुका

उत्तर : येईल, पण चार मिनिटांत. उभ्या माणसाचं लक्ष त्यापुढं टिकत नाही.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान असतं. बसलेल्या, निवांत श्रोत्यांना ते चालतं. शाळेच्या मैदानावर क्रम उलटा करा, आधी आख्यान. मुलांना एक गोष्ट विचित्र वाटते, तिथूनच सुरू करा : देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला आणि आपण उभे आहोत ती जागा नव्हती. इथं निजामाचं राज्य होतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसनं लढा दिला, १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य आत आलं, १७ला निजामानं शरणागती पत्करली. मधले तेरा महिने आपल्या गावात काय चाललं होतं? प्रश्न तसाच सोडा, उत्तर देऊ नका.

आता मागणी. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलानं आठ दिवसांत घरातल्या, गल्लीतल्या किंवा आजोळच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे : तेव्हा तुम्ही किंवा तुमचे आई-वडील कुठं होते? गाव सोडावं लागलं होतं का? घरात त्या काळातलं काही आहे का, कागद, नाणं, भांडं? उत्तरं एका पानावर, त्यांच्याच शब्दांत. प्रश्न फळ्यावर आधीच लिहून ठेवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत दोन गळतात. कुणी सांगायला नको म्हणालं तर आग्रह धरायचा नाही, हेही मुलांना बजावा. त्या काळात दोन्हीकडच्या माणसांनी सोसलंय आणि सगळ्यांनाच ते उघडायचं नसतं. पानं कुठं लावणार ती भिंत भाषण करताना बोटानं दाखवा.

जाता जाता, ध्वनीबद्दल. चारजणांनी विचारलंय म्हणून एकत्र. माइक तोंडापासून चार बोटं ते वीतभर, थोडा बाजूला. अगदी समोर धरला की 'प' आणि 'भ' फुटतात. शिट्टी वाजते ती कर्ण्यातला आवाज परत माइकमध्ये शिरल्यामुळं, म्हणून कर्णे वक्त्याच्या पुढं आणि तोंडं लोकांकडं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन कर्णे एकमेकांपासून शंभर मीटरवर असतील तर त्यांतल्या एकाजवळ बसलेल्या माणसाला तुमचा शब्द दोनदा ऐकू येतो, पाव सेकंदाहून थोड्या जास्त फरकानं. दगडी सभामंडपातही असंच घुमतं. तिथं आवाज वाढवून उपयोग नाही, वाक्यं लहान करा आणि दोन वाक्यांत श्वासभर थांबा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे. सप्ताहात किंवा गणपतीत तुमचा नंबर पावणेदहाला लागणार असेल, तर वही आधी फिरवून घ्या, भाषण नंतर.